पुळणीवरची डिंगी आणि तिचा परवाना

सिडनी बंदराच्या शांत खाड्यांमध्ये भरतीरेषेच्या जरा वर पालथ्या घातलेल्या लहान होड्यांची रांग जागोजागी दिसते. काही लाकडी किंवा लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलेल्या असतात, काही झाडाला साखळीने जखडलेल्या, तर काही वर्षानुवर्षे गवतात रुतून बसलेल्या. जमीन सार्वजनिक आणि होडी खासगी, हा या व्यवस्थेतला मूळ पेच आहे. बहुतेक स्थानिक कौन्सिलांनी त्यावर वार्षिक परवान्याचा तोडगा काढला आहे. ठरावीक शुल्क भरायचे, क्रमांकाचा स्टिकर होडीला चिकटवायचा आणि नेमून दिलेल्या जागीच ती ठेवायची. वरवर ही कारकुनी बाब वाटते. प्रत्यक्षात किनारा कोणाचा, त्याचा ‘वापर’ कशाला म्हणायचे आणि वापर थांबल्यावर जागा मोकळी कोणी करायची, हे तिन्ही प्रश्न या स्टिकरभोवती गोळा झालेले आहेत.

किनाऱ्यावर ठेवल्या जाणाऱ्या होड्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गरज एकसारखी नसते. पहिला प्रकार डिंगीचा. अडीच-तीन मीटर लांबीची, ॲल्युमिनियमची किंवा फायबरची, वल्ह्यांनी नाहीतर छोट्या इंजिनाने चालणारी ही होडी म्हणजे मोठ्या नौकेकडे जाण्याचे साधन. बंदरात शेकडो शिडाच्या आणि मोटरच्या नौका धक्क्याला न लागता पाण्यातच, तळाशी टाकलेल्या वजनाला साखळीने बांधून उभ्या असतात. या जागेला ‘मूरिंग’ म्हणतात आणि तिचा परवाना राज्य सरकार देते. मात्र नौकेपर्यंत पोहोचायचे कसे, हे त्या परवान्यात येत नाही. मालकाला डिंगी लागते आणि डिंगीला किनाऱ्यावर जागा लागते. दुसरा प्रकार कायाकचा. तीन ते पाच मीटर लांब, वीस-तीस किलो वजनाची, बहुधा पॉलिएथिलीनची ही होडी निव्वळ विरंगुळ्यासाठी असते. ती गाडीच्या टपावरून घरी नेता येते, निदान नियम करणाऱ्यांची तशी समजूत असते. सदनिकेत राहणाऱ्याला चार मीटरची होडी लिफ्टमधून न्यायची असेल तर ही समजूत किती पोकळ आहे ते लगेच कळते.

दोन्ही प्रकारांत एक समान अडचण आहे. न्यू साउथ वेल्समध्ये 4 किलोवॉट किंवा त्याहून अधिक शक्तीच्या इंजिनाच्या, 5.5 मीटर किंवा त्याहून लांब किंवा मूरिंगवर ठेवलेल्या नौकांची नोंदणी करावी लागते. वल्ह्याची डिंगी आणि कायाक या चाळणीतून खाली पडतात. त्यांना नोंदणी क्रमांक नसतो, त्यामुळे झाडाखाली कुजत पडलेली होडी कोणाची, हे शोधण्याचा मार्गही नसतो. कौन्सिलच्या परवान्याचे खरे काम शुल्क गोळा करणे हे नसून होडीला मालकाचे नाव जोडणे हे आहे.

हा प्रश्न सिडनीतच एवढा टोकदार का झाला, याचे उत्तर भूगोलात आहे. पोर्ट जॅक्सन, म्हणजेच सिडनी बंदर, ही समुद्राने बुडवलेली नदीची दरी. तिला असंख्य फाटे फुटले आहेत, म्हणून 55 चौरस किलोमीटर पाण्याभोवती सुमारे 317 किलोमीटर किनारा तयार झाला आहे. पण यातला बराचसा किनारा खडकाळ, कड्यांचा किंवा खासगी बागांनी अडवलेला आहे. उताराची, वाळूची, रस्त्यापासून जवळची आणि लाटांपासून सुरक्षित अशी जागा मोजकीच. बॅलमेन, रोज बे, क्लॉन्टार्फ अशा वस्त्यांमध्ये पाण्याच्या काठचे छोटे उद्यान हेच मुलांचे खेळाचे मैदान, सहलीची जागा, कुत्रे फिरवण्याची जागा आणि होड्यांचा तळही असते. 2020 मध्ये सुरू झालेल्या कोविड साथीच्या काळात कायाकची हौस वाढली, तेव्हा या कोपऱ्यांवरचा ताण आणखी वाढला.

किनाऱ्याबद्दलची सिडनीकरांची संवेदनशीलता मात्र जुनी आहे. युरोपीय वसाहतीपूर्वी इथल्या आदिवासींच्या ‘नावी’ नावाच्या सालीच्या होड्या याच खाड्यांत फिरत. झाडाची साल सोलून, टोकांना बांधून केलेल्या या हलक्या होडीतून स्त्रिया गळाने मासेमारी करत. वसाहतीच्या काळात काठाच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खासगी मालकीत गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याविरुद्ध नागरिकांची चळवळ उभी राहिली आणि वोक्लूझ येथील नीलसन पार्कसारखी ठिकाणे 1911च्या सुमारास जनतेसाठी परत मिळवण्यात आली. सार्वजनिक पैसा आणि राजकीय धडपड खर्ची घालून मोकळा केलेला हा किनारा आहे. त्यामुळे तिथे कोणाची तरी मोडकी डिंगी कायमची पडून राहते तेव्हा ती अडचण चौरस मीटरमध्ये मोजून भागत नाही.

किनारा कोणाचा, या प्रश्नाची कायद्याच्या इतिहासात दोन टोके सापडतात. इ.स. 533च्या जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या रोमन विधिग्रंथाने समुद्रकिनारा सर्वांचा मानला. तिथे कोणीही जाळी सुकवावी, निवाऱ्याला खोप बांधावी, अशी मुभा दिली. नदीकाठाबद्दल तर त्याने थेट म्हटले की काठ खासगी मालकीचा असला तरी तिथे नाव लावणे आणि काठच्या झाडाला दोर बांधणे कोणालाही खुले आहे. इंग्लंडच्या न्यायालयांनी हा उदारपणा उचलला नाही. ‘ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल’ या 1821च्या खटल्यात भरती-ओहोटीमधल्या पट्ट्यावर लोकांचे हक्क नौकानयन आणि मासेमारी यांपुरतेच मानले गेले. समुद्रस्नानासाठी त्या पट्ट्यावरून जाण्याचा सर्वसाधारण हक्क नाकारण्यात आला. जिथे पोहायला जाण्याचाही हक्क नाही, तिथे होडी ठेवून घरी निघून जाण्याचा हक्क कुठून येणार? नौकानयनात नाव तात्पुरती किनाऱ्याला लावणे येते, साठवण येत नाही. ऑस्ट्रेलियाने वारसा घेतला तो या इंग्रजी विचाराचा. त्यामुळे सिडनीत होडी ठेवणे हा हक्क नाही, ती सवलत आहे, आणि परवान्यातली प्रत्येक अट या एका गोष्टीतून निघते.

अधिकारांची वाटणी त्याहून गुंतागुंतीची आहे. साधारणपणे सरासरी भरतीरेषेच्या खालचा बंदराचा तळ राज्याच्या वाहतूक यंत्रणेच्या ताब्यात असतो. रेषेच्या वर कुठे कौन्सिलची स्वतःची जमीन, कुठे कौन्सिलने सांभाळायची सरकारी जमीन, तर कुठे राष्ट्रीय उद्यान असते. सिडनीत मोठ्या उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते. सपाट पुळणीवर सोडलेली एकच डिंगी त्यामुळे सकाळी एका खात्याच्या आणि दुपारी दुसऱ्याच्या हद्दीत असू शकते. तक्रार करणाऱ्याला दोन्हीकडून एकमेकांचे पत्ते मिळतात, यात नवल नाही. 1993च्या स्थानिक शासन कायद्याने सामुदायिक जमिनीसाठी व्यवस्थापन आराखडा सक्तीचा केला आणि जमिनीचा वापर त्या आराखड्याशी जुळलाच पाहिजे अशी अट घातली. सरकारी जमिनींसाठीचा 2016चा कायदा 1 जुलै 2018 पासून लागू झाला आणि कौन्सिलांकडे असलेल्या बहुतेक सरकारी राखीव जागाही याच चौकटीत आल्या. होड्यांची मांडणी उभी करायची तर ती आराखड्यात बसली पाहिजे, हे आता टाळता येत नाही.

परवाने येण्याआधी काय होत असे, हे पाहिले की त्यांची गरज पटते. पालथ्या होडीखालचे गवत काही आठवड्यांत मरते, मग पावसाने तिथली माती वाहून जाते. साखळ्यांनी झाडांची साल कापली जाते. खारफुटीच्या फांद्या तोडून होड्यांना वाट केली जाते. सिडनीची मुख्य खारफुटी म्हणजे ॲव्हिसेनिया मरीना, कोकणात जिला तिवर म्हणतात तीच. न्यू साउथ वेल्सच्या 1994च्या मत्स्यव्यवस्थापन कायद्यानुसार तिला परवानगीशिवाय इजा करता येत नाही. तिच्या मागच्या खाजण गवताचा पट्टा ‘धोक्यातील परिसंस्था’ म्हणून नोंदलेला आहे, आणि तो पायवाटेनेही मोडतो, होडी ओढण्याची तर बातच नको. पाण्याखाली पोसिडोनिया ऑस्ट्रेलिस हे समुद्रगवत आहे. सिडनी बंदर आणि पिटवॉटर यांसह सहा खाड्यांतली त्याची वस्ती धोक्यात असल्याचे अधिकृतरीत्या जाहीर झाले आहे. या गवताचे मोठे नुकसान मूरिंगच्या फिरणाऱ्या साखळ्या करतात, डिंग्या नव्हे. तरीही होडी जिथे पाण्यात उतरते ती जागा निवडताना त्याचा विचार करावा लागतो. मॅन्लीजवळच्या खाड्यांत लहान पेंग्विनांची वस्ती आहे. मुख्य भूमीवर वीण करणारी न्यू साउथ वेल्समधली ही शेवटची वस्ती मानली जाते. अंधार पडल्यावर हे पक्षी खडकांतल्या आणि झुडपांतल्या बिळांकडे चढतात. अशा ठिकाणी अस्ताव्यस्त होड्या, दोर आणि साखळ्या यांचा अर्थ वेगळाच होतो.

वादळात सैल होड्या अधिकच महाग पडतात. जून 2016च्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावर आलेल्या वादळाने, नेमक्या उधाणाच्या भरतीत, कॉलरॉय येथे घरांच्या बागा आणि एक पोहण्याचा तलाव समुद्राकडे ओढून नेला. अशा लाटांपुढे झाडाखाली नुसती टेकवलेली तीस किलोची कायाक टिकण्याचा प्रश्नच नाही. ती उडते, इतर होड्यांवर आदळते किंवा पाण्यात जाऊन इतरांना अडथळा होते. शिवाय उताणी पडलेली होडी म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे भांडे, आणि डासांना तेवढे पुरते. म्हणून होडी पालथी ठेवण्याची अट सार्वत्रिक आहे.

परवान्याचे नियम तपशिलात कौन्सिलागणिक बदलतात, पण सांगाडा सारखाच. अर्जदार त्या हद्दीतला रहिवासी असावा किंवा त्याला प्राधान्य मिळते. एका घरामागे परवान्यांची मर्यादा असते. होडीची लांबी-रुंदी मांडणीच्या खणात बसणारी हवी. इंजिन, इंधन, वल्ही, शिडे होडीत ठेवायची नाहीत. परवाना दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. होडी चोरीला गेली वा फुटली तर कौन्सिल जबाबदार नसते. हे शेवटचे कलम अर्जदार सहसा वाचत नाहीत आणि होडी गेल्यावर मग वाचतात. मूरिंग परवाना दाखवणाऱ्यांना काही ठिकाणी आधी जागा मिळते, आणि ते रास्तच आहे, कारण त्यांच्यासाठी डिंगी म्हणजे दुसरी होडी नसून पहिलीपर्यंत जाण्याची वाट आहे.

सगळ्यांत अवघड भाग शुल्काचा. अमेरिकन अर्थतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या 2005च्या ग्रंथात दाखवले की फुकट किंवा अतिस्वस्त जागा कधीच पुरत नाही, कारण ज्याला ती मिळाली तो ती सोडत नाही. हे मोटारींबद्दल लिहिले गेले, पण होड्यांच्या मांडणीला ते तंतोतंत लागू पडते. वर्षाचे शुल्क खासगी गोदामाच्या महिन्याभराच्या भाड्याहून कमी असेल, तर वर्षातून एकदा पाण्यात जाणारा माणूसही परवाना सोडणार नाही. प्रतीक्षा यादी लांबते, आणि रोज वल्हवू इच्छिणारा यादीत अडकून पडतो. शुल्क भरमसाट वाढवणे हा सरळ उपाय दिसतो, पण त्याने किनारा श्रीमंतांच्या कायाकचा तळ होईल. सार्वजनिक उद्यान चालवणाऱ्या संस्थेने तसे करणे समर्थनीय नाही. किमतीपेक्षा वापराची अट जास्त उपयोगाची ठरते. परवाना आपोआप पुढे न चालवता दर वर्षी मालकाकडून नवा अर्ज घ्यावा, होडीचे ताजे छायाचित्र मागावे, आणि ठरलेल्या आठवड्यात सर्व मांडण्या रिकाम्या करायला सांगाव्यात. ज्या होड्या तेव्हा हलत नाहीत त्या बहुधा कोणाच्याच राहिलेल्या नसतात. वर्षातून एकदा अशी झाडाझडती घेतली तर प्रतीक्षा यादीतल्या अनेकांना नवी मांडणी न बांधताच जागा मिळू शकते.

बेवारस होडी उचलण्याचा कायदेशीर मार्ग पूर्वी 1993च्या जप्ती कायद्यात होता. 1 नोव्हेंबर 2022 पासून त्याच्या जागी सार्वजनिक जागांवरील बेवारस मालमत्तेबाबतचा 2021चा कायदा लागू झाला. मोटारी, ट्रेलर, खरेदीच्या ढकलगाड्या, भाड्याच्या सायकली या सगळ्यांबरोबर होड्याही त्यात येतात. नव्या कायद्याने भर दिला तो मालकाच्या जबाबदारीवर. आपली वस्तू सार्वजनिक जागेत अडथळा होणार नाही हे पाहणे मालकाचे काम ठरले आणि ती उचलून नेण्याचा व ठेवण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येऊ लागला. प्रत्यक्षात कौन्सिले आधी होडीवर नोटीस लटकवतात, मुदत देतात, मग गोदामात नेतात आणि कोणी आले नाही तर विकतात किंवा मोडीत काढतात. फायबरच्या होडीला मोडीत फारशी किंमत येत नाही आणि तिचा पुनर्वापरही अवघड असतो. त्यामुळे तिचा शेवट बहुधा कचराभूमीत आणि खर्च करदात्यावर होतो. परवान्याबरोबर छोटी अनामत घेतली तर हा भार योग्य खांद्यावर जाईल.

पिटवॉटरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे सरसकट नियम लावणारा फसतो. सिडनीच्या उत्तरेच्या या खाडीत स्कॉटलंड आयलंड हे बेट आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावर एल्व्हिना बे, लव्हेट बे यांसारख्या वस्त्या आहेत. तिथे मोटारीने जाता येत नाही. रहिवासी फेरीने किंवा स्वतःच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीने चर्च पॉइंटला येतात, होडी बांधतात आणि पुढे बसने किंवा गाडीने कामावर जातात. बाजारहाट, शाळा, गॅसचा सिलिंडर, फर्निचर, सगळे पाण्यावरून. त्यांच्यासाठी होडीची जागा म्हणजे घरासमोरचा रस्ता. 2016 मध्ये मॅन्ली, वॉरिंगा आणि पिटवॉटर या तीन कौन्सिलांचे विलीनीकरण होऊन नॉर्दर्न बीचेस कौन्सिल तयार झाले. बंदराच्या काठचे हौशी कायाकवाले आणि बेटावरचे रोजचे प्रवासी तेव्हा एकाच प्रशासनाखाली आले. दोघांनाही ‘लहान होडी’ या एकाच रकान्यात टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. चर्च पॉइंटचा खरा पेच होडीपेक्षा गाडीचा आहे. किनाऱ्यावर होडी बांधल्यावर गाडी कुठे लावायची, या वादाने तिथे वर्षानुवर्षे सभा गाजल्या आहेत.

मांडणीच्या बांधणीबद्दल थोडक्यात. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, म्हणून जस्ताचा जाड मुलामा दिलेले पोलाद किंवा कठीण लाकूड वापरतात आणि खिळे-बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे लागतात. पॉलिएथिलीनची कायाक उन्हात दोनच अरुंद दांड्यांवर फार काळ ठेवली तर तिच्या तळाला खळगे पडतात, म्हणून आधार रुंद हवेत. वरचा खण छातीच्या उंचीपेक्षा वर गेला की वयस्कर वल्हेकऱ्याला होडी उतरवता येत नाही, आणि मग खालच्या खणांवरून भांडणे होतात. सगळ्यांत मोठा फायदा मात्र दिसायला साधा आहे. दहा विखुरलेल्या होड्या एका मांडणीवर आल्या की दहा जागचे गवत पुन्हा उगवते.

मांडण्या वाढवत नेणे हेच अंतिम उत्तर नाही. सामायिक डिंगी हा पर्याय अनेक मूरिंगधारकांना पुरेसा असतो. पाच नौकांचे मालक एकाच वेळी क्वचित पाण्यात जातात. वल्हे क्लबांकडे स्वतःच्या शेड असतात. हवा भरायच्या कायाक गेल्या काही वर्षांत बऱ्याच मजबूत झाल्या आहेत आणि त्या कपाटात मावतात.

इतर देशांतही हाच प्रश्न वेगळ्या चौकटीत येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकातील वसाहती अध्यादेशामुळे काठच्या जमिनीची मालकी ओहोटीरेषेपर्यंत जाते. लोकांकडे उरतात ते मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन यांचे हक्क. त्यामुळे तिथे डिंगी ठेवायला नगराच्या मालकीची उतरणीची जागा शोधावी लागते आणि केप कॉडच्या गावांत तिच्यासाठी स्टिकर घ्यावा लागतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधला सुमारे निम्मा भरती-ओहोटीचा पट्टा ‘क्राउन इस्टेट’ या राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे.

भारतात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा समुद्र, बंदरे आणि खाड्या यांचा तळ राज्य सरकारचा आहे. ही व्यवस्था सिडनीच्या फार जवळची आहे. फरक आहे तो होड्यांत. कोकणच्या पुळणीवरची उलांडीची होडी किंवा रापणीची होडी ही हौसेची नसून पोटाची आहे. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी मासेमारीबंदीत होड्या वर ओढून शाकारून ठेवल्या जातात, तेव्हा किनाऱ्यावर त्यांना लागणारी जागा कितीतरी वाढते. 2011च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा आणि मासे सुकवण्याची ठिकाणे आराखड्याच्या नकाशांवर दाखवण्यास सांगितले होते. जाळी विणण्याच्या आणि होड्या बांधण्याच्या जागांनाही तिने मुभा दिली होती. तारकर्ली, देवबाग किंवा गोव्याच्या नदीमुखांवर पर्यटकांच्या कायाक वाढत चालल्या आहेत. त्यांच्यासाठी उद्या सिडनीसारखा परवाना आणायचा झाला तर क्रम उलटा हवा. आधी रापणकरांच्या आणि इतर मच्छीमारांच्या होड्यांच्या जागा, पावसाळ्यातल्या वाढीव जागेसह, नकाशावर पक्क्या कराव्यात आणि त्यांना शुल्कातून वगळावे. पर्यटन व्यावसायिकांच्या कायाकना परवाना द्यावा तो उरलेल्या जागेचाच, एका हंगामापुरता, आणि हंगाम संपल्यावर पुळण मोकळी करण्याच्या अटीवर.